चौदा खुंट्या

आमच्या बापूजीले वावरात पेरणीचं वाकडं तास दिसलं की पोटात दुखते. गंमत नाही करून राहिली, खरंच दुखते. एसटीनं नागपूरले जाता जाता कोणाच्या वावरात कपाशीची पऱ्हाटी नागमोडी पेरलेली दिसली, की हे खिडकीतून मान काढून मागं पाहत राहतात, अन् मग नागपुरातली बर्डी येईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. सारा गाव त्यायले बापूजी म्हणते म्हणून मीही बापूजीच म्हणतो. नवऱ्याचं नाव घ्याले उखाणा लागते, अन् तेवढी सवड मले कधी भेटली नाही.

मले पाहाले आले तेव्हा यायनं माझं नाक पाहिलं नाही, डोळे पाहिले नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. पोरीचा भांग सरळ आहे म्हणाले अन् होकार देऊन मोकळे झाले. तेव्हापासून मी हा सरळपणा भोगून राहिली. मी खाटेवर पापड टाकले की हे येऊन ते रांगेत लावणार. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यायले गुडघ्याले धरून सरकवणार.

गावात मात्र या खोडीले मोठा मान आहे. पेरणीचं पहिलं तास बापूजीच्या हातचं पायजे, असं अर्ध्या गावाचं म्हणणं. हे वावराच्या एका टोकाले उभे राहतात, पलीकडच्या पळसावर नजर लावतात अन् तिफण धरून निघतात. बैलाकडं पाहत नाहीत, खाली पाहत नाहीत. पोहोचले की मागं दोरी मारल्यावाणी तास पडलेलं असते. मग त्या तासाच्या आधारानं बाकीचं वावर कोणीही पेरते.

त्यायच्या या गुणापायी आमच्या गावचा रस्ता बुडायची वेळ आली होती. ती गोठ सांगतो.

आमचं गाव हिंगण्याच्या पल्याड. फाट्यावरून गावात यायले अडीच किलोमीटरची पांदण, म्हणजे नुसती बैलबंडीची वाट. उन्हाळ्यात धूळ अन् पावसाळ्यात गारा. काळ्या मातीचा गारा तो, चप्पल धरली की सोडत नाही. आमची मिनल हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगले आहे. कंपनीची बस फाट्यापर्यंत येते, गावात येत नव्हती. पोट्टी सकाळी बूट पिशवीत घालून, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून निघे. फाट्यावरच्या हापशीवर पाय धुवे, बूट घाले अन् बसमध्ये चढे. बसमधल्या पोरी तिले हसत. संध्याकाळी तेच उलटं. मी दारात पाण्याची बादली भरून ठेवो, ती उंबऱ्याबाहेर बसून पिंढऱ्या घासे अन् मगच घरात येई.

मागच्या साली श्रावणात तिची दोनदा बस हुकली. तिसऱ्यांदा हुकली तेव्हा सुपरवायझरनं साफ सांगितलं, एक तर वेळेवर ये, नाही तर हिंगण्यात खोली कर. मिनल दोन पोरीसोबत खोली पाहूनही आली. दिवाळी झाली की जातो म्हणे. त्या दिवशीच्या माझ्या साऱ्या भाकरी करपल्या. एकुलती एक पोट्टी. ती गेली की घरात आम्ही दोघं अन् दोन बैल उरणार, अन् चौघांत बोलणारी मी एकटीच.

अशातच रस्त्याचं निघालं. गावामागं बरड आहे, तिथं बकरीही तोंड लावत नाही. त्या बरडावर कारखान्याचे शेड येणार होते, अन् शेड यायचे त ट्रक जायले रस्ता पायजे. पांदणीवरून बारा मीटरचा रस्ता काढायचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. कंपनीच्या माणसानं मिनलले सांगितलं, रस्ता होऊ द्या, बस तुमच्या दारापर्यंत येईल. ते ऐकल्यापासून मी त्या नकाशाले देवावाणी रोज पाहून येऊ लागली.

मंजुरी नागपूरच्या ऑफिसात व्हायची होती, भादव्याच्या शेवटच्या बैठकीत. अट एवढीच की रस्त्याले लागून असलेल्या तेवीसही कास्तकारायची संमती पायजे. एकही सही कमी पडली त रस्ता नाल्यापलीकडच्या गावातून जाणार. बावीस सह्या आठ दिवसांत झाल्या. तेविसावी सही माझ्या भासऱ्याची होती, म्हणजे बापूजीच्या सख्ख्या मोठ्या भावाची. तिथंच घोडं अडलं.

भासऱ्याचं नाव मधुकरराव. त्यायचं वावर अन् आमचं वावर लागून, मधात एक धुरा, म्हणजे बांध. अकरा वर्षांआधी पोळ्याच्या तोरणाखाली, साऱ्या गावासमोर ते बोलले होते की बापू दरसाली एक तास माझ्या धुऱ्यात घुसवते. बापूजीले कोणी चोर म्हटलं असतं तरी त्यायनं पचवलं असतं. पण यायचं तास जिथं नाही पायजे तिथं जाते, हे म्हणणं त्यायच्या जिवाले लागलं. त्या दिवसापासून दोघा भावायचा अबोला.

आम्ही जावा मात्र बोलत होतो. जयवंताबाई मले धुऱ्यावरून वांगे देई, मी तिले सांबार, म्हणजे कोथिंबीर देई. दोघंही भाऊ ती भाजी बोटं चाटून खात, अन् वांगं कोणाचं हे दोघंही विचारत नसत. आणखी एक सांगायचं राहिलं. त्या सालापासून बापूजी धुऱ्याजवळचं एक तास सोडून पेरू लागले होते. मी विचारलं काहून, त म्हणाले, बैलायले गवत पायजे. मी दोन साल भांडली, जयवंताबाईपाशीही बोलून दाखवलं, मग थकली.

आता मधुकरराव म्हणत होते, आधी धुरा मोजा, मग सही. सरपंच जाऊन आले, पाटील जाऊन आले. भासरे कोणाले चहा पाजून पाठवत, कोणाले पान देऊन, पण सही काही देत नव्हते.

पोळ्याच्या आधी मोजणीवाले येऊन रस्त्याच्या दोन्ही काठाले लाल डोक्याच्या खुंट्या ठोकून गेले होते. रस्ता तिथं आमच्या दोघायच्या धुऱ्यावरूनच नाल्याकडं जाणार होता, म्हणून आमच्या पऱ्हाटीत चौदा, भासऱ्याच्या वावरात चौदा. पोळा झाला, उघाड पडली, अन् बापूजीनं तण काढाले डवरणी काढली. संध्याकाळी घरी आले ते मोठ्या खुशीत. मिनलसाठी ठेवलेल्या बादलीत स्वतःचेच पाय धुतले अन् जेवाले बसले.

"या मोजणीच्या पोरायले खुंटी ठोकता येत नाही," म्हणाले. "मधात पार पोट आत गेलेलं. डवऱ्याले आडव्या येत होत्या, मी उपटल्या, डवरून घेतलं अन् परत लावून देल्ल्या. आता जाऊन पाय, कशी ओळ आहे ते."

मिनलच्या हातातला घास हातातच राहिला. ती सावकाश म्हणाली, "बाबा, त्या चुकून वाकड्या नव्हत्या. पुढं नाल्यावर पूल येणार आहे. रस्त्याले तिथं वळण आहे."

मग तिनं बाकीचं सांगितलं. चार दिवसांनी साहेब शेवटची तपासणी कराले येणार होता. खुंट्या हललेल्या दिसल्या त मोजणी पहिल्यापासून, बैठक हुकणार, अन् रस्ता नाल्यापलीकडं. बापूजीनं ताटावरचा हात काढून घेतला. म्हणाले, रस्ता वाकडा असते हे मले कोणी सांगितलं नाही. तेही खरंच होतं म्हणा. कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी अन् मिनल वावरात गेलो. जुन्या खुंट्यायचे भोकं कुठं दिसतात का पाहिलं, पण डवऱ्यानं सारं भुसभुशीत करून ठेवलेलं. चौदा खुंट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा उभ्या होत्या, की शाळेतले पोरंही प्रार्थनेले तसे उभे राहत नाहीत. खोटं काहून बोलू, पाहून मले क्षणभर अभिमानच वाटला. मग मिनलकडं पाहिलं. पोट्टी धुऱ्यावर बसून हसून राहिली होती, अन् डोळ्यातून पाणी काढून राहिली होती.

चार दिवस बापूजी अर्धी भाकर खाऊन उठत होते. मी त्यायले बजावलं, साहेब विचारेल तेव्हाच बोला, आपल्या तोंडानं काही सांगू नका. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तपासणीच्या दिवशी झड थांबून ऊन पडलं होतं. साहेब म्हणजे नागपूरचा पोरगाच, विहंग नावाचा, पायात पांढरेशुभ्र बूट. पांदणीत शंभर पावलं आला नाही त एक बूट गाऱ्यात राहिला अन् पाय बाहेर आला. कोतवाल नत्थूनं हात घालून तो बूट उपसून काढला. मिनल त्या दिवशी सुट्टी टाकून घरीच होती. तिनं आपली पिशवी पुढं केली अन् सांगितलं, बूट यात घाला साहेब, इथं असंच चालतात. साहेब अनवाणी वावरात आला. मागून अर्धा गाव आला.

मधुकरराव आधीच धुऱ्यावर उभे होते. पांढरं धोतर, काखेत छत्री, मागं जयवंताबाई. त्यायनं आमच्या खुंट्यायची ओळ पाहिली अन् छत्रीचं टोक तिकडं रोखलं.

"पाहा," ते म्हणाले, बापूजीले नाही, लोकायले. "पोळ्याआधी या खुंट्या मधात माझ्या धुऱ्याजवळ होत्या. आता सरळ झाल्या. अकरा साल मी काय म्हणून राहिलो? याचा हात धुऱ्यावर थांबत नाही. आता सरकारी खुंट्याही सरकवल्या यानं."

लोकं बापूजीकडं पाहू लागले. गुडघ्यापर्यंत गारा, हातात टोपी, मान खाली. ज्यायच्या वावरात पहिलं तास यायनं काढलं तेही लोकं होते त्यात, अन् तेही पाहतच होते. मले वाटलं धरतीनं पोटात घ्यावं. मी यायच्या सदऱ्याले मागून चिमटा काढला, गप राहा म्हणून. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"सरकवल्या," बापूजी म्हणाले. "मीच सरकवल्या साहेब. वाकड्या दिसल्या म्हणून सरळ केल्या."

नत्थूनं जिभेनं चुकचुक केलं. मिनल माझा हात घट्ट धरून उभी होती. साहेब कामाले लागला. त्याच्याजवळ एक उंच दांडा होता, वर पांढरी वाटी पालथी घातल्यावाणी यंत्र, अन् हातात मोबाइलएवढी पाटी. तो पहिल्या खुंटीजवळ गेला, दांडा टेकवला, पाटीत पाहिलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सातव्या खुंटीजवळ पोहोचला अन् त्याच्या कपाळाले आठ्या पडल्या. त्यानं पुन्हा दांडा टेकवला. मग बापूजीकडं पाहून हसालेच लागला.

"काका, या खुंट्या तुम्ही स्वतःच्याच वावरात ओढल्यात," तो म्हणाला. "इथं मधे अडीच मीटर आत. माझ्या नकाशापेक्षा तुमचीच जमीन रस्त्यात जास्त गेली असती."

मग त्यानं सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही. प्रत्येक खुंटीची जागा यंत्रात आहे. खुंटी हलली तरी जागा हलत नाही, परत तिथंच ठोकायची. मिनलनं माझा हात सोडला तेव्हा पाहिलं, त बोटं उमटली होती.

पण मधुकरराव हटून बसले. म्हणाले, खुंट्या जाऊ द्या, माझा धुरा मोजा. साहेबानं घड्याळ पाहिलं, मिनलकडं पाहिलं, अन् मोजतो म्हणाला. नाल्याजवळ जुना हद्दीचा दगड होता, बोरीच्या झुडपात. नत्थूनं विळ्यानं झुडूप तोडलं, दगड निघाला. दुसरा दगड पांदणीजवळ निघाला. साहेबानं दोन्हीवर दांडा टेकवला अन् मग धुऱ्यावर जागोजागी.

धुरा सरकलेलाच होता. पण भासऱ्याकडं नाही, आमच्याकडं. पूर्ण एक तास. बापूजी सोडून पेरत अन् भासऱ्याचा नांगर दरसाली सोडलेल्या जागेपर्यंत येई. अकरा वर्षांत धुरा आपल्या पायानं चालत आमच्या वावरात आला होता.

"मधुकरराव, एका तासाएवढी जमीन यांची तुमच्याकडं आहे," साहेब म्हणाला.

मधुकररावनं छत्री एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घातली, मग पुन्हा पहिलीत. मान पार खाली गेली. अर्ध्या घटकेआधी बापूजीची मान जशी होती, तशीच. खरं सांगतो, मले खुश व्हाले पायजे होतं, पण त्या म्हाताऱ्या मानेकडं पाहून नाही झाली खुश. तेवढ्यात जयवंताबाईले हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना.

"तुमच्या बैलायचं गवत आम्ही खाल्लं वं," ती नवऱ्याकडं न पाहता मले म्हणाली, अन् मलेही राहवलं नाही. आम्ही दोघी जावा धुऱ्याच्या दोन्हीकडं उभ्या राहून पोट धरून हसलो. मग नत्थू हसला, मग सारे.

मधुकरराव हसले नाहीत. ते सरळ चालत आमच्या पऱ्हाटीत आले. सातवी खुंटी धरली, हलवून उपटली. साहेबाले विचारलं, हिची खरी जागा कुठं. साहेबानं दांडा टेकवून दाखवली. मोजणीवाल्यायचा घण तिथंच पडला होता. मधुकररावनं धोतर खोचलं, घण उचलला अन् खुंटी बापूजीपुढं केली.

आता खुंटी धराची म्हणजे काय, ते ज्यानं धरली त्यालेच ठाऊक. एकानं खाली बसून दोन्ही हातानं धरायची अन् दुसऱ्यानं वरून घण हाणायचा. वरच्याचा नेम चुकला की खालच्याचं मनगट गेलं. ज्या माणसाशी अकरा वर्षं बोलणं नाही, त्याच्या घणाखाली हात ठेवायचा होता. बापूजी गाऱ्यात गुडघे टेकून बसले अन् दोन्ही हातानं खुंटी धरली.

पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याच्या आधी बापूजीनं एक डोळा बारीक करून ओळीकडं पाहिलं.

"वाकडं होऊन राहिलं," ते म्हणाले.

"वाकडंच आहे ते," मधुकरराव म्हणाले. "गप धर."

अकरा वर्षांत भाऊ भावाशी बोलला तो हा असा. जयवंताबाईचं हसू थांबलं अन् ती डोळे पुसू लागली, मग मीही. चौदाही खुंट्या त्या दोघायनं ठोकल्या. साहेब पुढं पुढं जागा दाखवत गेला, बापूजी धरत गेले, भासरे हाणत गेले. शेवटच्या खुंटीनंतर मधुकररावनं गाऱ्याचे हात धोतराले पुसले अन् सहीचा कागद मागितला. पेनावर बोटाचा गारा लागला, कागदावरही लागला. साहेब म्हणाला चालेल. मग भासरे बापूजीले म्हणाले, तुझं तास पुढच्या पेरणीले सोडतो, अन् बापूजी म्हणाले, ते आता रस्त्यातच चाललं, सोडता काय.

बैठक भादव्यात झाली अन् मंजुरीचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. मिनलनं फाट्यावरून फोन करून आधी मलेच विचारलं, खरं आहे का वं आई. मी कागदासमोरच उभी होती. तिले नंबरासकट सारा वाचून दाखवला, मले नीट वाचता येत नाही तरी.

मग आम्ही त्या धुऱ्यावर रोडगे केले. पुन्हा त्या जागी जेवण होणार नव्हतं. गोवऱ्याच्या विस्तवात रोडगे भाजले, भासऱ्याच्या वावरातल्या वांग्यायची भाजी, आमचा सांबार. बापूजी रोडगे विस्तवात रांगेत लावून राहिले होते अन् मधुकरराव काडीनं ते मुद्दाम विस्कटून राहिले होते. मिनलच्या सुपरवायझरले बस गावात येईल हे लेखी कळलं, त्यानं आणखी एक साल थांबतो म्हटलं. खोलीसाठी काढून ठेवलेली गादी मी परत खाटेवर घातली.

हिवाळाभर अन् उन्हाळाभर काम चाललं. डांबर अजून नाही, पण गिट्टी अन् मुरूम दाबून बसवला. बरडावर दोन शेड उभे झाले, त्यायचे पत्रे दुपारी आमच्या आंगणातून चमकतात. यंदाच्या पेरणीत बापूजीनं रस्त्याले लागून पहिलं तास काढलं, जिंदगीतलं पहिलं वाकडं तास. मी पाहाले गेली होती. पळसावर नजर ठेवायची सोय नव्हती, त बिचारे खुंटी खुंटीकडं पाहत गेले. टोकाले पोहोचल्यावर मागं वळून बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, पोटात दुखते का. म्हणाले, थोडं.

अन् आषाढात झड लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीनं दारात बादली भरून ठेवली. दोघंही भाऊ आमच्या पडवीत बसले होते, चहा पीत. तेवढ्यात नाल्याच्या पुलावरून दिवे लागलेली बस आली, भासऱ्याच्या वावराकडं झुकली, वळण घेतलं अन् कडुनिंबाखाली येऊन थांबली.

बापूजी उठून उभे झाले. "वळण बरोबर पडलं," म्हणाले.

"कोणी ठोकल्या होत्या खुंट्या?" मधुकरराव म्हणाले.

मिनल उतरली. डोक्यावर ओढणी, हातात डबा अन् पायात बूट. ती बादलीजवळ आली, सवयीनं थांबली, पायाकडं पाहिलं अन् बादलीवरून टांग टाकून घरात गेली. मी त्या भरलेल्या बादलीकडं पाहत राहिली. मग बापूजीनं ती उचलली, पाणी फुकट काहून घालवायचं म्हणाले, अन् बैलायपुढं नेऊन ठेवली.